‘अगं आई, हा अभ्यासाचाच गेम आहे!’

सुट्टी लागली की घरोघरी एक संवाद हमखास ऐकू येतो. ‘‘बास झालं आता, बंद कर तो गेम!’’ आई स्वयंपाकघरातून ओरडते. ‘‘अगं आई, हा अभ्यासाचाच गेम आहे. गणिताचा!’’ चिरंजीव मान वर न करता उत्तर देतात. यावर आईची पंचाईत होते. पडद्यावर आकडे तर दिसत असतात. जाहिरातीत ‘शैक्षणिक’ हा शब्द ठळक छापलेला असतो आणि बाबांनी त्याच भरवशावर पैसे मोजलेले असतात. मग मूल खरेच शिकते आहे की आकड्यांच्या आडून नुसतेच खेळते आहे, हे ओळखायचे कसे?

प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. चौथी-पाचवीत भागाकार आणि अपूर्णांकांशी ज्या मुलाचे एकदा बिनसते, त्याला पुढे बीजगणितही जड जाते. अशा मुलाच्या हाती निकामी गेम पडला तर वर्ष हातचे जाते आणि घरच्यांना मात्र वाटत राहते की पोरगा रोज तासभर गणित करतो आहे.

याचा छडा लावणारा एक सुरेख प्रयोग इंग्लंडमधील जेकब हॅबगूड आणि शॅरन एन्सवर्थ या संशोधकांनी केला. तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी प्राथमिक शाळेतील मुलांसाठी ‘झोंबी डिव्हिजन’ नावाचा खेळ वापरला. खेळणाऱ्याच्या समोर चालतेफिरते सांगाडे येतात. प्रत्येकाच्या छातीवर एक संख्या असते. खेळणाऱ्याजवळची शस्त्रे म्हणजे भाजक. छातीवरच्या संख्येला ज्याने निःशेष भाग जाईल ते शस्त्र उगारले तरच सांगाडा कोसळतो. शस्त्र चुकले तर फजिती ठरलेली!

याच खेळाचा दुसरा अवतारही त्यांनी तयार केला. त्यात सांगाडे तेच, लढाई तीच, पण छातीवर संख्या नाही. लढाईचा एक टप्पा संपला की भागाकाराचे प्रश्न समोर येत. ते सोडवायचे आणि पुढच्या टप्प्यावर जायचे. गणित दोन्हीकडे सारखेच होते. तरीही ठरावीक वेळ खेळल्यानंतर पहिला अवतार खेळलेली मुले भागाकारात अधिक पुढे गेली. मुलांना हवा तो खेळ निवडायची मोकळीक दिली, तेव्हा त्यांनी पहिल्या अवतारावर दुसऱ्याच्या सातपट वेळ घालवला.

असे का व्हावे? दुसऱ्या अवतारात गणित हा जकात नाका होता. गाडी थांबवायची, नाइलाजाने पैसे टाकायचे आणि पुढे पळायचे. पहिल्यात गणित केल्याशिवाय हात उगारताच येत नव्हता. म्हणून पालकांनी पडद्यावर आकडे आहेत की नाहीत हे पाहू नये. एक कळ दाबल्यापासून दुसरी कळ दाबेपर्यंत मुलाच्या डोक्यात काय चालते, ते पाहावे. भागाकार चालत असेल तर तो भागाकाराचा गेम. नुसती पळापळ चालत असेल, तर मध्ये कितीही बेरजा पेरल्या तरी तो पळापळीचाच गेम.

चार उत्तरे समोर ठेवून एक निवडायला सांगणारे गेम बाजारात उदंड आहेत. चुकण्याची काहीच किंमत मोजावी लागत नसेल, तर मुले अंदाजपंचे चारही कळा दाबून मोकळी होतात. त्यांच्या या हुशारीला दाद द्यायला हवी, पण त्यात गणित नाही.

हा विचार तसा जुना आहे. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाच्या ‘प्लेटो’ संगणकावर १९७०च्या दशकात ‘डार्ट्स’ नावाचा खेळ होता. पडद्यावर उभी संख्यारेषा आणि तिला चिकटलेले फुगे. फुगा कोणत्या संख्येवर आहे ते अपूर्णांकात सांगायचे की बाण सुटे. बरोबर असेल तर फुगा फुटे. चुकले तर बाण त्या जागी रुतून राही आणि आपण किती वर किंवा खाली गेलो ते डोळ्यांना दिसे. ‘चूक’ असा लाल शेरा नाही, चुकीची जागाच समोर! टॉमस मलोन यांनी १९८० साली या खेळाच्या निरनिराळ्या आवृत्त्या मुलांना खेळायला दिल्या. फुगे फोडण्याची कल्पना मुलग्यांना आवडली, मुलींना मात्र ती फारशी रुचली नाही. तेव्हा दादाने डोक्यावर घेतलेला गेम ताईलाही आवडेलच, असे धरून चालू नये.

गणिताचे असे जमते, पण इतिहास-भूगोलाचे काय? अमेरिकेत मिनिआपोलिस शहरात डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक १९७१ साली आठवीच्या मुलांना इतिहास शिकवत होता. एकोणिसाव्या शतकात असंख्य कुटुंबे बैल जुंपलेल्या गाड्यांतून सुमारे २,००० मैल तुडवत पश्चिमेकडच्या ऑरेगॉन प्रांतात वस्तीला गेली, हा विषय. त्याच्या खोलीवर राहणारे बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर हे गणिताचे शिकाऊ शिक्षक. त्यांना संगणकाची भाषा येत होती. तिघांनी मिळून दोनेक आठवड्यांत ‘द ऑरेगॉन ट्रेल’ हा खेळ रचला. वर्गात पडदा नव्हताच. फोनच्या तारेने दूरच्या संगणकाशी जोडलेले एक टेलिटाइप यंत्र होते, ते कागदावर खडखडत छापत असे. हाती ठरावीक पैसे. त्यात बैल, धान्य, काडतुसे, कपडे यांवर किती खर्च करायचा ते मुलांनी ठरवायचे. वाटेत आजार, गारठा, मोडकी गाडी. शिकार करायची तर ‘बँग’ हा शब्द झटपट टंकायचा. बोटे अडखळली की सावज पळाले!

यंत्र एकच आणि मुले पुष्कळ. ही अडचणच पथ्यावर पडली. मुलांनी आपसांत कामे वाटून घेतली. ज्याची बोटे चपळ तो टंकायला बसला, एकाने नकाशा सांभाळला, एकाने जमाखर्च ठेवला. पुढे जायचे की थांबायचे, यावर मते घेतली जाऊ लागली. रॉविच १९७४ साली मिनेसोटातील शैक्षणिक संगणक संस्थेत गेला. तेथे त्याने त्या काळच्या प्रवाशांच्या रोजनिशा वाचल्या आणि कोणते संकट कोठे आणि किती वेळा यावे, ते त्यांवरून ठरवले. पुढे हा खेळ अमेरिकेतील शाळाशाळांत पोहोचला.

त्यात एक उणीव होती. ज्यांच्या भूमीतून या गाड्या जात, त्या मूळ रहिवाशांची बाजू खेळात जवळजवळ नव्हती. २०२१च्या नव्या आवृत्तीत इतिहासतज्ज्ञांच्या मदतीने ती भरून काढण्याचा प्रयत्न झाला. पण मधली पन्नास वर्षे ‘दुसरी बाजू काय होती?’ हे विचारायचे काम वर्गातल्या बाईंनाच करावे लागत होते. पडदा आपणहून ते विचारत नाही.

१९८५चा ‘कार्मेन सँडिएगो’ हा चोर-पोलिसांचा खेळ आणखी चतुर निघाला. पळालेला चोर अमुक चलनाच्या देशात गेला, असा दुवा मिळायचा. तो देश कोणता? खोक्यात खेळाबरोबर जगाची माहिती देणारे एक जाडजूड पुस्तकही यायचे. चोर पकडायचा तर ते उघडणे भाग होते. मुलाला पुस्तकाकडे पिटाळणारा गेम कोणत्या आईला नको असेल?

ही झाली परदेशातली उदाहरणे. आपल्याकडे याची कसून पाहणी झाली ती बडोद्यात. गुजरात सरकारने २००० साली तेथील महापालिकेच्या शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. पण फारच थोड्या शाळांत ते मुलांच्या हाती आले. मग मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ संस्थेने २००२पासून चौथीच्या मुलांना त्यांवर गणिताचे खेळ खेळायला दिले. आठवड्याला फक्त दोन तास, एका संगणकापुढे दोघे. मूल जसजसे प्रश्न सोडवी, तसतशी काठिण्यपातळी बदले. पुढे अर्थशास्त्राचे नोबेल मिळवणारे अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो यांनी सहकाऱ्यांसह याचा अभ्यास केला. गणितातील गुण पहिल्या वर्षी वाढले आणि दुसऱ्या वर्षी त्याहून अधिक वाढले. मात्र खेळ थांबल्यावर वर्षभराने त्या वाढीचा बराच भाग ओसरला होता. खेळात आलेले गणितही सरावाविना विसरतेच.

या संशोधनात सहभागी असलेल्या ली लिंडन यांनी गुजरातमधील ‘ज्ञानशाळा’ संस्थेच्या वर्गांत आणखी एक गोष्ट तपासली. संगणकावरचा गणिताचा सराव वर्गातल्या शिकवण्याऐवजी दिला, तेव्हा मुले नेहमीपेक्षा कमी शिकली. तोच सराव शाळेच्या वेळेबाहेर, शिकवण्याच्या जोडीला दिला, तेव्हा मुलांचा फायदा झाला आणि मागे पडलेल्या मुलांचा अधिक झाला. बाईंचा तास काढून घेऊन त्या जागी यंत्र बसवले, तर चांगला गेमसुद्धा महागात पडतो.

घरी हेच लागू करायला काही अवघड नाही. गेम चालू असताना आईने पाच मिनिटे शेजारी टेकावे आणि ‘‘हेच शस्त्र का रे उचललंस?’’ एवढे विचारावे. ‘‘बेचाळिसाला सातानं भाग जातो म्हणून,’’ असे उत्तर आले तर ठीक. ‘‘असंच,’’ असे आले, तर गेम बदलावा. खेळून झाल्यावर तशीच दोन गणिते वहीवर घालून पाहावीत. पडद्यावर वीर आणि वहीत गोंधळ, असे पुष्कळांचे होते. पडद्यावरचे ते शस्त्र म्हणजेच वहीतला भागाकार, हा सांधा कोणीतरी एकदा जुळवून द्यावा लागतो. भावंडे दोन असतील तर दोघांना एकाच पडद्यापुढे बसवावे. भांडतील खरी, पण भांडताना कारणे द्यावी लागतात!

ज्या घरी संगणक नाही, फोनही बाबांबरोबर दिवसभर बाहेर, तेथे सापशिडीचा पट तरी असतोच आणि त्यावर १ ते १०० आकडेही असतात. अमेरिकेत एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांनी अशाच आकड्यांच्या पटावर बालवर्गातील मुलांना खेळवले. निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाला. काही मुलांना सोंगटी सरकवताना ‘एक, दोन’ असे मोजायला सांगितले होते. काहींना सोंगटी ज्या घरात पडेल तेथला आकडा, म्हणजे ‘सत्तेचाळीस, अठ्ठेचाळीस’, म्हणायला सांगितले. आकडे म्हणणारी मुले संख्यांच्या समजेत पुढे गेली. ‘एक, दोन’ म्हणणाऱ्यांना तोच पट खेळूनही फारसे काही मिळाले नाही.