धूसर कोपऱ्याचे कारण

सातारा-सांगलीकडच्या यात्रांतून तंबूतला सिनेमा पाहिलेली पिढी आता आजी-आजोबांची झाली. त्यांची नातवंडे सुटीत घरीच प्रोजेक्टर जुळवतात. लाकडी पेटी, मागचा दिवा काढून टाकलेला जुना एलसीडी पडदा, प्रखर एलईडी, दोन फ्रेस्नेल भिंगे आणि पुढे प्रक्षेपणाचे भिंग, एवढ्या साहित्यावर भिंतीवर चित्र उमटते. घर हरखते, पण थोड्याच वेळात ध्यानात येते की मधली अक्षरे स्वच्छ आहेत आणि एक बाजू पुसट.

येथेच अनेकदा घाई होते. दोष भिंगाचा मानून दुसरे, अधिक महाग भिंग मागवले जाते. ते बसवूनही बाजू पुसटच राहिली म्हणजे पैसा जातो आणि त्याहून मोठी गोष्ट, मुलांची उमेद जाते. पेटी माळ्यावर पडते. तोटा कोणत्या खात्यात आहे हे कळल्यावाचून दुकानात कोणी भांडवल वाढवत नाही. तोच शहाणपणा येथेही चालतो.

प्रथम पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळ्या चौकटींची जाळी आणि चारही कोपऱ्यांत बारीक अक्षरे असलेले चित्र लावावे. धूसरपणा कोठे आहे यावरून कारण उकलते.

एक बाजू स्पष्ट केली की दुसरी पुसट होत असेल, तर काहीतरी तिरके आहे. एलसीडी पडदा, भिंग आणि भिंत ही तिन्ही परस्परांना समांतर हवीत. पेटी उलटी करून पाहावी. पुसट बाजू पेटीबरोबर पलीकडे गेली तर दोष पेटीत आहे. भिंतीवर जागच्या जागी राहिली तर पेटी भिंतीसमोर सरळ नाही. दोष पेटीत असल्यास भिंग त्याच्या बैठकीत अर्धा फेर फिरवावे. धूसरपणा भिंगाबरोबर फिरला तरच भिंगाला बोल लावावा. अन्यथा पडद्याची किंवा भिंगाची बैठक कललेली आहे.

हा कल डोळ्यांना दिसतही नाही, एवढा सूक्ष्म असतो. भिंगाचे नाभीय अंतर २०० मिलिमीटर आणि भिंत २.४ मीटरवर असेल, तर पडदा भिंगापासून सुमारे २१८ मिलिमीटरवर बसतो आणि चित्र ११ पट मोठे होते. मात्र खोलीच्या दिशेने होणारा फरक ११ गुणिले ११, म्हणजे १२१ पट वाढतो. पडद्याची एक कड केवळ १ मिलिमीटर मागे गेली, तरी त्या कडेचे चित्र भिंतीच्या सुमारे १२ सेंटिमीटर अलीकडे जुळते. म्हणूनच पोस्टकार्डाच्या तुकड्याची एक पाचर पुष्कळदा पुरेशी होते.

मध्य स्पष्ट आणि चारही कोपरे सारखेच पुसट असतील, तर कारण वेगळे. साध्या एकेरी भिंगाची प्रतिमा सपाट नसते, वाटीसारखी वळलेली असते. सपाट भिंतीवर ती सर्वत्र एकाच वेळी जुळत नाही. अशा वेळी मध्य आणि कोपरा यांच्या अधल्या ठिकाणी फोकस धरावा, किंवा भिंगापुढे गोल छिद्राचे काळे कार्ड लावावे. चित्र थोडे मंदावेल, पण कोपरे सुधारतील. तीन भिंगांचा जोड घेण्याचा प्रश्न येथे येतो, त्याआधी नाही.

आरंभी स्वच्छ असलेले चित्र अर्ध्या तासाने बिघडत असेल, तर उष्णतेने पडदा किंवा प्लॅस्टिकचे फ्रेस्नेल भिंग वाकत आहे. त्याला पंखा आणि हवेची वाट हवी. तंबूतल्या यंत्रालाही हाच त्रास होता. दिव्याच्या धगीने फीत फुगू पाहते, म्हणून खिडकीपाशी तिला दाबपट्टी सपाट धरून ठेवते.

शेजारच्या कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा घडवला आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. कॅमेऱ्याचा नियमही निराळा नाही: फीत सपाट हवी आणि भिंगाचा अक्ष तिच्याशी काटकोनात. परदेशी यंत्राची वाट न पाहता ज्यांनी घरी काम आरंभले, त्यांना हा नियम हातानेच साधावा लागला.

क्रम मग असा राहावा: आधी पेटी सरळ, मग कागदाची पाचर, मग काळे कार्ड, मग पंखा, आणि सर्वांत शेवटी नवे भिंग. पहिल्या तीन उपायांना जवळजवळ काहीच खर्च नाही. जुन्या मॉनिटरचा दिवा काढताना आणि विजेची जोडणी करताना मात्र जाणत्या मोठ्या माणसाने जवळ असावे. त्या दिव्याच्या पुरवठ्याला उच्च दाबाची वीज असते आणि एलईडीकडे थेट पाहणे डोळ्यांना घातक ठरते. पाचर कोठे घालायची, हे मात्र मुलांनाच शोधू द्यावे.