वर्षातले चार दिवस बघून गाडी घेऊ नका

मध्यंतरी आमच्या घरच्या ग्रुपवर गाडीवरून चांगलीच जुंपली. नारायणगावजवळ शेती करणारा थोरला भाऊ नवी गाडी घ्यायच्या विचारात होता. मेलबर्नच्या आतेभावानं लगेच आपल्या दारातल्या प्लग-इन हायब्रिड एसयूव्हीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "दादा, डिझेलचे दिवस संपले. तीन आठवडे झाले, पंपाचं तोंड बघितलं नाही." दादानं उत्तरादाखल आपल्या जुन्या पिकअपचा फोटो टाकला. हौद्यात टोमॅटोचे साठ कॅरेट, वर ताडपत्री, दोरीला पीळ. सोबत एकच ओळ: "एवढं तुझ्या गाडीत बसवून दाखव."

दोघांनी न्यायाधीश म्हणून मला ओढलं. खरं तर दोघांचंही बरोबर होतं आणि चुकलो होतो मी. ते कसं, हे शेवटी सांगतो. आधी गाडी घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला एक विनंती: शोरूमला जाण्याआधी पंधरा दिवस एक वही घाला. आज किती किलोमीटर झाले, गाडीत माणसं किती, माल किती, रस्ता कुठला, रात्री गाडी कुठे उभी राहिली. बस्स, एवढंच. का, ते आता बघू.

आधी शब्दांचा घोळ सोडवू. आपल्याकडे शोरूममध्ये 'हायब्रिड' हा एकच शब्द तीन वेगळ्या गाड्यांना लावतात. पहिली माइल्ड हायब्रिड: छोटी मोटर इंजिनाला नुसता हातभार लावते. दुसरी स्ट्राँग हायब्रिड: ब्रेक मारताना आणि इंजिन चालताना बॅटरी आपोआप भरते, थोडं अंतर गाडी विजेवर जाते, पण वायर लावायची सोयच नसते. तिसरी प्लग-इन: मोठी बॅटरी, रात्री घरी वायर लावायची, सकाळी काही किलोमीटर निव्वळ विजेवर, आणि बॅटरी उतरली की पेट्रोल इंजिन चालू. आपल्याकडे आजवर प्लग-इन मिळाल्या त्या बहुतेक परदेशी बनावटीच्या, महागड्या. तेव्हा विक्रेता 'हायब्रिड' म्हणाला की पहिला प्रश्न विचारा: "वायर लावायची का?" तो 'नाही' म्हणाला, तर परदेशातल्या भावाच्या गाडीचा हिशोब तुमच्या गाडीला लागू नाही.

आता त्या भावाचा हिशोब. त्याची बॅटरी २० युनिटची. भरली की शहरात साठेक किलोमीटर निघतात. ऑफिसला जाऊन-येऊन त्याचे ३४ किलोमीटर होतात. घराच्या छपरावर सोलर आहे. ऑस्ट्रेलियात साधारण दर तीन घरांमागे एका घरावर असतं. आठवड्यातले दोन दिवस तो घरून काम करतो, तेव्हा भर उन्हात गाडी चार्जिंगला. लांबच्या सुट्टीला निघाला तर पेट्रोल आहेच. त्याच्या कामाला ती गाडी अगदी मापानं शिवल्यासारखी आहे.

पण हीच गाडी ज्याला वायर लावायचा कंटाळा आहे त्याच्या हाती गेली, तर ती नुसती जड पेट्रोल गाडी होते. बॅटरी उतरल्यावरही तिचं वजन उतरत नाही, ते वाहावंच लागतं. युरोपियन कमिशननं २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अहवालात २०२१ साली नोंदलेल्या गाड्यांच्या आतल्या मीटरची आकडेवारी तपासली. प्लग-इन गाड्यांतून रस्त्यावर प्रत्यक्षात निघणारा कार्बन डायऑक्साइड कागदावरच्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला. कागदावर धरलं होतं त्यापेक्षा लोक चार्जिंग फारच कमी करत होते, हे त्यामागचं मोठं कारण. माहितीपत्रकातला आकडा रोज वायर लावणाऱ्या माणसाचा असतो. तो माणूस तुम्ही आहात का, हे तुमची वही सांगेल.

आता दादाचा हिशोब. एक कॅरेट साधारण वीस किलोंचं. साठ कॅरेट म्हणजे बाराशे किलो. नारायणगावहून पुण्याचं मार्केट यार्ड जाऊन-येऊन दीडशे किलोमीटर. डिझेल ९० रुपये आणि लोड घेऊन १२ चं अ‍ॅव्हरेज धरलं, तर किलोमीटरला साडेसात रुपये. एका खेपेचं डिझेल ११२५ रुपयांचं, कॅरेटमागे एकोणीस रुपये पडले.

हेच एसयूव्हीत करून बघू. एसयूव्हीची वजन पेलायची ताकद माणसं धरून साडेचारशे-पाचशे किलोंची. ड्रायव्हर आणि एक गडी वजा केला, तर अठरा कॅरेट, तेही मागची सीट पाडून बसले तर. म्हणजे साठ कॅरेटला चार खेपा, सहाशे किलोमीटर. दर खेपेचे पहिले साठ किलोमीटर विजेवर गेले असं समजू, तरी उरलेलं अंतर पेट्रोलवरच. पेट्रोल १०५ आणि अ‍ॅव्हरेज १५ धरलं, तर नुसत्या पेट्रोलचेच अडीच हजार होतात, वीज वेगळी. शिवाय चौथी खेप पोचेपर्यंत लिलाव आटोपलेला. आणि नव्या गाडीत टोमॅटोचा रस सांडला की त्या वासावरून घरात जे ऐकावं लागेल, ते कुठल्याच हिशोबात बसत नाही.

उलटं करून बघा. तोच पिकअप घेऊन पुण्यात रोज मुलीला शाळेत सोडा. रिकाम्या हौद्यामुळे मागची चाकं खड्ड्याखड्ड्यावर उसळतात. पाटे टनाच्या वजनासाठी बसवलेले असतात, दप्तराच्या वजनाला ते दबतच नाहीत.

म्हणजे भांडण डिझेल आणि विजेचं नव्हतंच. वहीत माल लिहिला जातो की माणसं, त्यावर सगळं ठरतं.

आता विजेबद्दल, कारण इथे बरेच जण फसतात. घरगुती विजेचं बिल टप्प्यानं चढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, मग ३००, मग ५००, त्यापुढे सगळ्यात महाग. गाडीला रोज दहा युनिट लागली तरी महिन्याची तीनशे वाढली, आणि ती वरच्या टप्प्याच्या दरानं वाढली. म्हणून हिशोब बिलाच्या सरासरी दरानं करू नका, शेवटच्या युनिटच्या दरानं करा. युनिट १५ रुपये धरलं आणि युनिटमागे साडेतीन किलोमीटर, तरी किलोमीटरला सव्वाचार रुपये होतात. डिझेलपेक्षा स्वस्तच. पण रोज चौतीस किलोमीटर चालणाऱ्याचे वर्षाकाठी वाचतील तीस-चाळीस हजार. गाडी किती लाखांनी महाग आहे ते बघा आणि भागाकार करा. छपरावर सोलर असेल तर हेच गणित पुष्कळ सुधारतं. वाहनासाठी वेगळं मीटर मिळेल का, हेही वीज कार्यालयात विचारून घ्या. जुन्या घराचं वायरिंग आणि अर्थिंग वायरमनला दाखवल्याशिवाय रात्रभर चार्जिंग लावू नका.

आणि शेतकरी भावांनो, एक मोह टाळा. साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना २०२४ पासून राज्यात वीज मोफत आहे. त्या लाइनवर गाडी चार्ज करायची कल्पना कुणाच्याही डोक्यात येईल. पण एका कामासाठी घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरली, तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली दुप्पट दरानं आकारणी होते. वाचवलेले पैसे व्याजासकट जातील.

डिझेलचेही स्वतःचे नखरे आहेत. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ व्हायला गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग पळावी लागते, म्हणजे आतली काजळी जळून जाते. रोज दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्याची गाळणी तुंबते. ज्याचं रोजचं चाक हायवेवर आहे त्याला डिझेल मानवतं. गल्लीबोळात फिरणाऱ्याला नाही.

कागदपत्रांकडेही आधीच बघा. मालवाहू गाडीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आला. मोठ्या एसयूव्हीवर तो ४० टक्के आहे. तुमचा धंदा जीएसटीत नोंदलेला असेल, तर मालवाहू गाडीच्या कराचं क्रेडिट मिळू शकतं. स्वतः फिरायच्या एसयूव्हीचं सहसा मिळत नाही. पण मालवाहू गाडीमागे फिटनेस लागतं: पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी. मालासकट एकूण वजन ३,००० किलोंच्या वर गेलं की परमिटही लागतं. लायसन्सची मात्र चिंता नको. ७,५०० किलोंच्या आतली मालवाहू गाडी हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलं आहे.

दोन गोष्टी मात्र हात जोडून सांगतो. पांढऱ्या पाटीच्या एसयूव्हीत दुसऱ्याचा माल भाड्यानं नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल. आणि पिकअपच्या हौद्यात माणसं घालू नका. लग्नसराईत वऱ्हाड, यात्रेला भजनी मंडळ, खुरपणीला बायाबापड्या, हे आपण रोज बघतो. हौद्याला ना सीट, ना पट्टा, ना धरायला धड काही. घाटातल्या एका वळणावर दोन-दोन घरं उघडी पडतात, आणि त्या माणसांचा विमाही नसतो. माणसं आणि माल दोन्ही रोजच न्यायचे असतील, तर मागे दुसरी सीट असलेला डबल केबिनचा पिकअप मिळतो. माल कमी बसतो, पण माणसं आत बसतात.

आता माझी चूक. मी पुण्यात राहतो. सात वर्षं जुनी पेट्रोल गाडी काढून डिझेल एसयूव्ही घेतली, ती एकाच विचारानं: गावी जायचं म्हणजे मोठी, दणकट गाडी हवी. गावी मी जातो वर्षातून चारदा: दिवाळी, यात्रा, एखादं लग्न आणि आंब्याच्या दिवसांत. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस ती गाडी घर, मंडई आणि शाळा एवढंच फिरली. दोन वर्षांत डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मी तीन आठवडे कानाडोळा केला, कारण गाडी चालत होती. मग एका सकाळी ती सिंहगड रोडच्या गर्दीत ताकदच घेईना. गाळणी गच्च तुंबली होती. बिल हातात ठेवताना मेकॅनिकनं विचारलं, "साहेब, गाडी हायवेला नेताच का नाही?" काय सांगणार? हायवेला न्यायलाच तर घेतली होती.

दादानं शेवटी पिकअपच घेतला. आतेभाऊ आपल्या प्लग-इनवर खूश आहे. दोघांनीही रोजचं काम बघून गाडी घेतली होती, म्हणून दोघं जिंकले. मी डिझेल विकली आणि शहरापुरती छोटी गाडी घेतली. गावी एसटीनं जातो. दिवाळीच्या फराळासोबत दादाचे कांदे आणि शेंगा पुण्याला येतात, त्या पिकअपच्या रिकाम्या कोपऱ्यात, मार्केट यार्डाच्या खेपेबरोबर. मी फक्त पहाटे उठून उतरवून घ्यायला जातो.

तेव्हा वही आजच घाला. पंधरा दिवसांनी जे पान सगळ्यात जास्त वेळा सारखंच लिहिलेलं दिसेल, त्या पानासाठी गाडी घ्या. उरलेल्या चार दिवसांना भाड्याची गाडी मिळते, एसटी मिळते, आणि नशीब असेल तर पिकअपवाला भाऊही मिळतो.