हप्ते फिटले, कागदावर मात्र थकबाकी!

2025 च्या जून महिन्यातील गोष्ट. आमच्या शेजारच्या चाळीतील एक वहिनी संध्याकाळी घरी आल्या. हातात पिशवी, पिशवीत कागदांचा गठ्ठा. मुलीला नर्सिंगला प्रवेश मिळालेला, फी भरण्याची तारीख जवळ आलेली आणि बँकेने शैक्षणिक कर्जाचा अर्ज बाजूला ठेवलेला. "भाऊ, साहेब म्हणतात तुमच्या मिस्टरांचं सिबिल खराब आहे. आम्ही कुणाचे पैसे बुडवले हो?"

बुडवले नव्हतेच. 2022 साली मिस्टरांचे ऑपरेशन झाले, तेव्हा दवाखान्याच्या काउंटरवरच एका फायनान्स कंपनीच्या माणसाने 48 हजारांचे कर्ज करून दिले. चार-चार हजारांचे बारा हप्ते. अकरा खात्यातून बरोबर कापले गेले. एकदा पगार उशिरा झाला, हप्ता परत गेला. वसुलीचा पोरगा घरी आला आणि 4 हजार अधिक 590 रुपये दंड असे 4,590 रुपये रोख घेऊन, पावती देऊन गेला. ती रक्कम कंपनीच्या वहीत चढलीच नाही. दोन वर्षे अहवालात तेवढी बाकी दिसत राहिली आणि घरात कुणाला पत्ता नाही. पावती मात्र वहिनींनी जपून ठेवली होती. धान्याच्या डब्यात! मी गेली वीस वर्षे कचेरीत फायली सांभाळतो, पण एवढी नीट पावती आमच्याही कपाटात सापडायची नाही.

येथे एक खुलासा केला पाहिजे. आपल्याकडे दवाखान्याचे बिल थकले म्हणून ते पतअहवालात जात नाही. अमेरिकेत तसे जाते. तेथेही जुलै 2022 पासून तीन मोठ्या पतसंस्थांनी फेडलेली दवाखान्याची थकबाकी अहवालातून काढून टाकण्यास सुरुवात केली. आपल्याकडे बिलासाठी काढलेले कर्ज जाते. हप्त्याच्या कागदावर सही केली की आपले नाव तेथे गेलेच म्हणून समजा.

लोक 'सिबिल' म्हणतात, पण अशा कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे प्रत्येकीने वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यायचा असतो. आम्ही चारही काढले. तीनमध्ये बाकी होती, एकात ते कर्जच नव्हते. म्हणून एकच अहवाल पाहून थांबू नये.

मग अर्ज. तक्रार पतकंपनीकडे करता येते, त्याला पैसे लागत नाहीत. पण ही कंपनी आपल्या मनाने आकडा बदलू शकत नाही, ती कर्ज देणाऱ्याला विचारते. म्हणून दोन्हीकडे एकाच दिवशी लिहावे. फायनान्स कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे अर्ज केला. त्यात कर्जखाते क्रमांक, अकरा हप्त्यांच्या पासबुकातील नोंदी, रोख पावतीची झेरॉक्स (मूळ पावती देऊ नये, कितीही मागितली तरी) आणि दोनच मागण्या: खाते शून्य बाकीने 'क्लोज्ड' दाखवा, नादेय दाखला द्या. शाखेत शिक्का मारून पोच घेतली. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "आंटी, पोच लागत नाही, सिस्टिममध्ये टाकतो." वहिनी तेथून हलल्या नाहीत.

ती पोच का महत्त्वाची? 26 एप्रिल 2024 पासून नियम असा आहे की तक्रार 30 दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. त्यातील 21 दिवस कर्ज देणाऱ्या संस्थेचे. दुरुस्ती नाकारली तर कारणही कळवावे लागते. त्यानंतरही दाद नाही मिळाली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे, तेथे फी नाही, वकील नको. चौकशीसाठी 14448 हा क्रमांक आहे.

मधल्या काळात दोन माणसे भेटली. एक नाक्यावरचा एजंट, तीन हजारांत सिबिल 'साफ' करून देणारा. त्याला दारातूनच परत पाठवा. खरी नोंद कुणी पुसू शकत नाही, आणि खोटी नोंद आपण फुकट दुरुस्त करून घेऊ शकतो. दुसरा कंपनीचाच वसुलीवाला. म्हणाला, "दोन हजार टाका, सेटलमेंट करून टाकू." हे फार गोड वाटते. पण तसे केले की अहवालात 'सेटल्ड' असे पडते, म्हणजे पूर्ण रक्कम फेडली नाही असा त्याचा अर्थ, आणि पुढची बँक तो शब्द बरोबर हेरते. फेडलेल्या पैशांवर सेटलमेंट कसली? त्याला तसेच सांगितले.

एक गोष्ट वहिनींना रुचली नाही, तरी मी स्पष्ट सांगितली. त्या एका महिन्याचा हप्ता उशिरा गेला हे खरे आहे, तेवढी नोंद राहणार. आपण खोडायला सांगायचे ते खोट्या थकबाकीला.

दुरुस्ती 41 व्या दिवशी झाली. तोवर फीची तारीख उलटू नये म्हणून वहिनींनी भिशी आधी उचलून पहिला हप्ता भरला होता. कर्ज ऑगस्टमध्ये मंजूर झाले. अकरा दिवसांचे 1,100 रुपये कंपनीने आपणहून दिले नाहीत. त्यासाठी आणखी एक अर्ज, आणखी एक पोच. पैसे खात्यात आले त्या दिवशी वहिनींनी पासबुकाची ती नोंद मला दाखवली, आणि त्याची झेरॉक्स त्याच डब्यात ठेवली.