खडकाळ वाटेवरील दोन आसने

पिता आणि अपत्य यांच्यात संवाद असावा, असे प्रत्येक घरात म्हटले जाते. परंतु समोरासमोर बसून ठरवून केलेला संवाद बहुधा उपदेशाकडे झुकतो. दोघांची दृष्टी एकाच कामावर खिळलेली असली, म्हणजे शब्द आपोआप सुचतात. दुकानाच्या गादीवर, शेताच्या बांधावर, जात्याशी बसलेल्या मायलेकींत पूर्वी हे सहज घडत असे. ती कामे आता फारशी उरली नाहीत. काही कुटुंबांनी त्याऐवजी एक निराळी वाट शोधली आहे. चारही चाकांना शक्ती देणारी गाडी घेऊन पिता-पुत्र वा पिता-कन्या डांबरी रस्ता सोडतात आणि दगडधोंड्यांतून दिवसभर प्रवास करतात.

या छंदाचे एक माहेरघर म्हणजे अमेरिकेच्या युटा राज्यातील मोआब हे कोलोरॅडो नदीलगतचे गाव. 1950 च्या दशकात युरेनियमच्या शोधासाठी येथील लाल कड्यांतून कच्चे रस्ते काढले गेले. खाणींचा बहर ओसरला, रस्ते राहिले. 1967 पासून दर ईस्टरला येथे जीपधारकांचा मेळा भरतो. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातील व्हाइट रिम ही सुमारे 160 किलोमीटरची वाट त्याच काळातली. तिच्याकडे नेणारी शेफर वाट कड्यावरून वळणे घेत सुमारे 450 मीटर खाली उतरते. जवळच्या उघड्या वालुकाश्मावरून घोड्यांचे नाल घसरत, म्हणून त्याला ‘निसरडा खडक’ हे नाव पडले. रबरी टायर मात्र त्यावर घट्ट धरून राहतो.

अशा वाटेवर वेगाला किंमत नाही. टायरमधील हवा थोडी कमी केली, की त्याचा अधिक भाग खडकाला टेकतो आणि पकड वाढते. उतारावर ब्रेक दाबून धरल्यास तो तापतो, चाकेही घसरू शकतात. म्हणून गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्याच रोधाने उतरवावी लागते. अरुंद चढावर समोरासमोर गाड्या आल्या, तर उतरणाऱ्याने थांबावे आणि चढणाऱ्यास वाट द्यावी, असा संकेत आहे. चाक दगडावर आदळून सुकाणू एकाएकी फिरले, तर आत अडकवलेला अंगठा दुखावतो; म्हणून अंगठे सुकाणूच्या बाहेरच ठेवावेत, हे जाणते चालक नवख्यास प्रथम शिकवतात.

सर्वांत कठीण जागी एकाला गाडीतून उतरावे लागते. चालकाला स्वतःची पुढची चाके दिसत नाहीत. त्यामुळे दुसरा पुढे सुरक्षित अंतरावर उभा राहून हाताच्या खुणांनी चाक डावीकडे घे, उजवीकडे घे, थांब, असे सांगतो. याचे नियम थोडे पण कडक आहेत. खुणा एकानेच कराव्यात. तो दिसेनासा झाला, की चालकाने तत्क्षणी थांबावे. खूण करणाऱ्याने गाडी आणि कडा यांच्यामध्ये कधीही उभे राहू नये. आयुष्यभर घरात शब्द चालवलेल्या पित्याने सुकाणू कन्येच्या हाती द्यावे आणि स्वतः धुळीत उभे राहून केवळ दोन हातांनी बोलावे, यात दोघांचीही परीक्षा असते. तिने ऐकावे लागते आणि त्याने ओरडणे आवरावे लागते. कारण गोंधळलेल्या चालकाचा पाय चुकीच्या पट्टीवर पडतो.

पित्याचे प्रेम येथे नकाराच्या रूपानेही प्रकट व्हावे लागते. लहान चारचाकी ‘एटीव्ही’ खेळण्यासारखी दिसली, तरी ती खेळणे नव्हे. तीन चाकांची अशी वाहने सहज उलटत, म्हणून 1988 मध्ये अमेरिकेत त्यांची विक्री थांबवावी लागली. 16 वर्षांखालील मुलांनी एटीव्ही चालवू नये, असे तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे सांगणे आहे. बहुतेक एटीव्ही एकाच स्वारासाठी घडवलेल्या असतात. कौतुकाने बाळाला पुढ्यात बसवणे म्हणजे वाहनाचा तोल आणि बाळाचा जीव दोन्ही पणाला लावणे होय. बंद गाडीतील आसनपट्टा आणि उघड्या वाहनावरील शिरस्त्राण यांवर घरात वाद होऊ नये.

मुले मोठी होतात आणि एके दिवशी पिता शेजारच्या आसनावर येतो. महाराष्ट्रातील ज्येष्ठांना जीप परकी नाही. 1940 च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि पुढे ही गाडी खेड्यापाड्यांच्या चिखलवाटा तुडवू लागली. तरुणपणी ती पाहिलेले, कदाचित चालवलेले वडील परदेशी मुलाकडे गेल्यावर तशा वाटेवर यायला उत्सुक असतात. परंतु पाठीचे मणके तेव्हाचे नसतात. मोआबला उन्हाळ्यात पारा 38 अंशांपलीकडे जातो. माणशी दिवसाला चार लिटर पाणी आणि नित्याची औषधे जवळ हवीत, तासाभराने विसावा हवा. ‘मला काही होत नाही,’ हे वडिलांचे वाक्य प्रमाण न मानता मुलाने स्वतःहून गाडी थांबवावी आणि थांबण्याचे कारण देखावा सांगावे. त्यात वडिलांचा मानही राहतो.

या प्रदेशात आणखी एक गोष्ट जपावी लागते. वाटेच्या दुतर्फा वाळूवर काळसर, खडबडीत पापुद्रा दिसतो. ती जिवंत माती आहे. सूक्ष्म जिवाणूंचे तंतू वाळूचे कण एकत्र गुंफतात, पाणी धरून ठेवतात आणि मातीला नत्र पुरवतात. एका चाकाने मोडलेला हा थर पुन्हा नीट जमण्यास कित्येक दशके लागतात. म्हणून आखलेली वाट सोडायची नाही, समोरच्या गाडीसाठीही कडेच्या मातीवर चढायचे नाही. रुंद जागा मिळेपर्यंत मागे यायचे. पाऊल जपून टाकण्याचा संस्कार ज्या घरात आहे, तेथे हे फार समजवावे लागत नाही. तरीही मुलांना सांगून भागत नाही. मागून येणाऱ्याची घाई सोसून पिता गाडी शांतपणे मागे घेतो, तेव्हा शेजारच्या आसनावरून ते पाहिले जात असते.