गेटचा वेल्डर, पाइपचा वेल्डर

आमच्या वस्तीतली निम्मी पोरं उद्यमनगर, शिरोली नाहीतर गोकुळ शिरगावला कामाला जातात. विचारले तर सगळेच सांगतात, "वेल्डर आहे." घरच्यांनाही तेवढे पुरते. पण एकाला हजार हाका मारून मालक बोलावतो आणि दुसरा दहा वर्षे हेल्परच्याच पगारात राहतो, असे का होते, हे आईबापांनी समजून घ्यायला हवे.

गेट, ग्रील, शटर, पत्र्याचे शेड, ऊस वाहायची ट्रॉली ही झाली साधी फॅब्रिकेशनची कामे. ॲंगल कापायचा, गुण्या लावायचा, टाके मारून उभे करायचे आणि रॉडने जोडायचे. वरची खपली हातोडीने उडवायची, ग्राइंडर फिरवायचा, रंग मारायचा. गेट दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे झाले तरी बिजागरी सांभाळून घेते. हे काम हलके आहे असे मात्र कोणी म्हणू नये. बारा फुटी गेटचे दोन्ही कर्ण जुळवून ते सरळ उभे करणे ही हुशारीच आहे. शिवाय थोड्या भांडवलात स्वतःचे दुकान निघते, ते याच कामात.

आता दूध डेअरीतला स्टेनलेस स्टीलचा पाइप घ्या. तेथे टिग वेल्डिंग लागते. टंगस्टनची न वितळणारी सुई, भोवती आर्गन गॅस, एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात बारीक तार. पत्रा दीड मिलिमीटरचा. हात क्षणभर जास्त थांबला की भोक पडते. स्टेनलेस साध्या लोखंडापेक्षा सुमारे दीडपट फुगते आणि उष्णता लवकर सोडत नाही, म्हणून पत्रा वाकतो. त्यासाठी समोरासमोर टाके मारून, थांबत थांबत जोडावे लागते. पाइपच्या आतही आर्गन सोडावा लागतो. नाहीतर सांधा आतून काळा पडून साखरेच्या दाण्यासारखा खडबडीत होतो. त्या खडबडीत दूध अडकते, जंतू वाढतात, आणि धुऊनही जात नाहीत. बाहेरून मात्र सांधा चकचकीत दिसतो! गेटची चूक पुट्टी लावून झाकता येते. इथे लाल रंग आणि पांढरी पावडर मारून बारीक चीरसुद्धा शोधतात, काही ठिकाणी एक्स-रे काढतात.

साखर कारखान्याच्या बॉयलरचे तर विचारूच नका. वाफेच्या दाबाखालचा सांधा फुटला तर माणसे जातात. म्हणून तेथे परीक्षा पास झालेलाच वेल्डर चालतो. सर्वांत अवघड परीक्षेत पाइप पंचेचाळीस अंशात तिरका पक्का बसवतात. पाइप हलवायचा नाही, वेल्डरनेच भोवती फिरायचे. कारखान्यात याला 'सिक्स जी' म्हणतात.

दोन्ही कामांत धूर सारखाच वाईट. 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. स्टेनलेसच्या धुरात क्रोमियम असते. आर्गनला वास नाही आणि तो हवेपेक्षा जड, बंद टाकीत साठला तर माणूस गुदमरतो. काचेशिवाय "जरा एकच टाका" मारणाऱ्याचे डोळे रात्री वाळू गेल्यासारखे खुपतात, हे बायकांना जास्त माहीत आहे.

मी कारकून माणूस. माझी नजर आधी हजेरीपत्रकावर जाते. किमान वेतनात अकुशल, अर्धकुशल, कुशल असे वेगळे दर असतात. टिगचे काम करणारा मुलगा ठेकेदाराच्या कागदावर हेल्पर लिहिलेला मी पाहिला आहे. हातात कला आहे, पण सिद्ध करायला कागद नाही. ज्यांच्या घरात वर्कशॉप आहे त्यांचे आडनावच ओळखपत्र असते. आपल्या पोरांना ती सोय नाही. त्यांना प्रमाणपत्रच लागते.

कळंबा रोडवरच्या शासकीय आयटीआयमध्ये चौकशी करा. वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा आहे, दहावी नापास मुलालाही चालतो. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा, ऐनवेळी धावपळ नको. जे आधीच कामाला लागलेत त्यांची परीक्षा घेऊन दाखला देण्याच्या सरकारी योजना असतात, त्याचीही तेथेच विचारपूस करावी. आणि आज मुलगा घरी आला की पगाराची स्लिप मागा. त्यावर 'वेल्डर' लिहिले आहे की 'हेल्पर', ते बघा.