वाढदिवस बर्फातला, पण ठरवायचा कुणी?

आपल्या कितीतरी आयांची जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावर १ जून! तो वाढदिवस कुणी साजरा केला? आता नाशिक-सिन्नरची जोडपी बायकोच्या वाढदिवसाला थेट मनाली-गुलमर्ग गाठतात. निफाडचा पारा घसरला की द्राक्षबागेत शेकोट्या पेटतात, मग पैसे मोजून आणखी थंडी कशाला, असं सासूबाई म्हणणारच. पण थंडी निराळी अन् बर्फ निराळा.

वाट सोपी झालीय. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, त्यामुळे रोहतांग खिंड बंद असतानाही मनालीहून लाहौलमध्ये उतरता येतं. मात्र वाढदिवसाची तारीख पक्की, बर्फाची नाही. पश्चिमी झंझावात रुसले आणि २०२४ चा जानेवारी गुलमर्गला जवळजवळ कोरडाच गेला. शिवाय २२ एप्रिल २०२५ चं पहलगाम! २६ जणांचा बळी गेला, त्यात आपल्या महाराष्ट्रातले सहा. त्यानंतर लोकांनी धडाधड बुकिंगं रद्द केली.

म्हणूनच सगळं 'सरप्राईज' म्हणून नवऱ्यानंच ठरवावं, हे मला पटत नाही. गुलमर्गचा रोपवे वरच्या टप्प्यात चार हजार मीटरच्या आसपास नेतो, तिथं धाप लागते. तुमचा दमा, गुडघे, पाळीची तारीख सरप्राईजमध्ये कोण धरतं? सहल रद्द झाली तर पैसे किती परत मिळतील, हेही बुकिंगआधी तुम्हीच विचारा, लेखी घ्या. कोट-गमबूट तिथं भाड्यानं मिळतात. लोकरीचे मोजे तेवढे घरून न्या, दोन जोड जास्तीचे.