शिरोरेषेला एक गाइडलाइन द्या हो!

आपल्याकडच्या डीटीपीवाल्यांना कोरलड्रॉ येतं का, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर आहे, झकास येतं. उल्हासनगरात कॅम्प नंबर चारला एखाद्या फ्लेक्सच्या दुकानात अर्धा तास उभे राहून बघा. वाढदिवसाच्या शुभेच्छा, मधे साहेब, खाली शिस्तीत वीस कार्यकर्त्यांची मुंडकी, सगळं तेवढ्यात तयार होऊन प्रिंटला गेलेलं असतं. हात असा चालतो की आमच्या ऑफिसातल्या भल्याभल्यांनी बघत राहावं. माझी तक्रार वेगळी आहे. बहुतेक जण दोन गोष्टींना हात लावत नाहीत, गाइडलाइन आणि लेयर. आणि त्याचा फटका बसतो तो मराठी अक्षरांना. इंग्रजीचं फारसं काही बिघडत नाही.

का ते सांगतो. कर्जत लाइनवरची तीन स्टेशनं घ्या. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. कागदावर लिहून नीट बघा. 'उल्हासनगर' मुकाट्याने शिरोरेषेच्या खाली बसतं, वर काही नाही, खाली लोंबणारं काही नाही. 'अंबरनाथ'चा अनुस्वार वर डोकं काढतो. 'बदलापूर'चा दीर्घ उकार खाली लोंबतो. आता एखाद्या दुकानाच्या पाटीवर 'आमच्या शाखा' म्हणून ही तीन नावं शेजारी-शेजारी लावायची आहेत. ऑपरेटर तिन्ही सिलेक्ट करतो आणि टी दाबतो, म्हणजे वरच्या कडा जुळवा. सॉफ्टवेअर बिचारं सांगितलेलं काम करतं. अनुस्वाराचं टोक इतरांच्या शिरोरेषेला नेऊन भिडवतं आणि अख्खं अंबरनाथ खाली घसरतं! बी दाबलं तर खालच्या कडा जुळतात, म्हणजे उकारासकट बदलापूर वर चढतं. इंग्रजी कॅपिटलमध्ये ही तीन नावं लिहिली तर सगळी एकाच उंचीची, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही.

यावर कुणी म्हणेल, अहो, टेक्स्टला बेसलाइन असते की, तिच्यावर जुळवा. असते ना, पण ते टेक्स्ट असेपर्यंतच. आपल्याकडे फाइल बाहेर जायच्या आधी सगळं 'कर्व्ह्ज' करतात. कारणही रास्त आहे. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधलं मराठी दुसऱ्या मशीनवर उघडलं आणि तिथे तो फॉन्ट नसला, की पडद्यावर इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. म्हणून कंट्रोल क्यू, अक्षरांची झाली चित्रं. पण चित्राला कसली बेसलाइन आणि कसली शिरोरेषा? त्याला फक्त चार कडा असतात. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर हे सोर्स कोड फेकून देऊन नुसती एक्झी फाइल जपण्यासारखं आहे.

आता हे सगळं इतकं मनावर घ्यायचं कारण म्हणजे पाट्या. २०२२ साली दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. पाटीवर मराठी हवंच, आणि मराठी अक्षरांचा आकार इतर भाषेच्या अक्षरांपेक्षा लहान नको. सप्टेंबर २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि मग पाट्या बदलायची एकच झुंबड उडाली. कायदा चांगलाच आहे. पण आकार मोजायचा कसा? ऑपरेटर दोन्हींना शंभर पॉइंट देतो आणि मोकळा होतो. देवनागरी फॉन्टला त्याच शंभरात वरच्या मात्रा आणि खालचे उकार सांभाळायचे असतात, त्यामुळे मधलं अक्षर बहुधा इंग्रजी कॅपिटलपेक्षा बारकं निघतं. मग ते मोठं करायला जावं तर पाटीची उंची संपलेली असते. मग काय, धरा वरची कड आणि दाबा खाली! चपटी झालेली 'स्वीट्स' आणि 'ज्वेलर्स' तुम्हीही पाहिली असतील. वेलांट्या फ्रेमच्या दुमडीत गेलेल्या तर विचारूच नका.

माझं मत असं की शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंतची उंची ही इंग्रजी कॅपिटलच्या उंचीइतकी धरावी. त्यासाठी वरच्या रुलरवरून चार गाइडलाइन ओढायच्या. एक शिरोरेषेची, एक पायाची, एक वरच्या मात्रांची हद्द, एक खालच्या उकारांची. फ्रेमवर दुमडायची जागा त्याच्याही बाहेर. मग अलाइनची बटणं विसरा आणि प्रत्येक शब्दाची शिरोरेषा त्या रेषेला टेकवा. जुने पेंटर पाटी रंगवण्याआधी खडूची दोरी ताणून टिचकी मारायचे, त्यापेक्षा हे काही निराळं नाही. (अंबरनाथचं शिवमंदिर, शिलालेखातलं साल शके ९८२ म्हणजे इ.स. १०६०. तसली मंदिरं उभारणाऱ्या स्थपतीला 'सूत्रधार' म्हणत, म्हणजे दोरी धरणारा. नाटकातला सूत्रधार सगळ्यांना माहीत, हा कुणाला आठवत नाही. असो.)

लेयरचं काम याहून सोपं. एका लेयरवर कर्व्ह्ज केलेली अक्षरं, दुसऱ्यावर तोच मजकूर टेक्स्ट म्हणून जिवंत. दुसऱ्या लेयरचा डोळा आणि प्रिंटर दोन्ही बंद. लेयरच्या नावातच फॉन्टचं नाव लिहून ठेवा. वर्षभराने दुकानदार 'फोन नंबर बदलायचाय आणि प्रोप्रायटरमध्ये मुलाचं नाव टाकायचंय' म्हणत आला, की सगळं पुन्हा टाइप करायला नको. पुन्हा टाइप करताना नवीन चुका होतात, आणि माणसाच्या नावातला ऱ्हस्व-दीर्घ चुकला तर भांडण ठरलेलं. स्क्रीन प्रिंटिंगवाल्यांना हे शिकवायला लागत नाही. लग्नपत्रिकेत प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी, म्हणजे त्यांचे लेयर लाकडी चौकटीतच असतात :)

हे मी ओळखीच्या एका ऑपरेटरला ऐकवलं. तो म्हणाला, "दादा, कस्टमर डोक्यावर उभा असतो, मागे तीन जण लाइनीत. लेयरला नाव कधी देऊ?" वाढदिवसाच्या बॅनरपुरतं त्याचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य आहे. चार दिवसांत जो उतरणार त्याच्या लेयरला नाव देणं हा वेळेचा अपव्यय आहे. पण दुकानाची पाटी दहा वर्षं राहते. जीन्सचं लेबल हजारोंनी छापलं जातं. तिथे हे कारण चालत नाही.

आणि वेळ लागतो तो एकदाच. कोरलमध्ये मास्टर पेजवर गाइडलाइन ठेवल्या की त्या फाइलच्या प्रत्येक पानावर दिसतात आणि छापल्या मात्र जात नाहीत. चार रेषा, दोन रिकामे लेयर, एवढी फाइल टेम्प्लेट म्हणून सेव्ह करायची. पाटीचं काम आलं की नवी फाइल उघडण्याऐवजी ही उघडायची. दुपारी लाइट गेल्यावर यूपीएस जेवढा टिकतो, तेवढ्या वेळात होण्यासारखं काम आहे.